ताईने दोरी कोणासाठी ओढली

१५ ऑक्टोबर २०२४

आज पोलिसांनी ताईच्या घराची किल्ली परत दिली. ठाण्याचे इन्स्पेक्टर, टीआय साहेब, म्हणाले, "पोतनीसजी, कुछ भी याद आए, छोटी से छोटी बात, तो लिख लीजिए. बाद में काम आता है." म्हणून ही वही आणली.

झालं ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. २६ सप्टेंबरला, पितृपक्षातल्या दशमीला, वडिलांचं श्राद्ध होतं. माझी मोठी बहीण बेबीताई दीक्षितपुऱ्याच्या घरी एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं, शाळेतून रिटायर झाली होती. श्राद्धाचा स्वयंपाक दरवर्षी तीच करायची. गुरुजी बाराला यायचे होते. मी आणि माझा मुलगा सुशांत त्याआधी पोचलो. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी पडली होती. मागून डोक्यात वरवंटा घातलेला. कोणीतरी तिचा पदर तिच्या चेहऱ्यावरून ओढून ठेवला होता.

हातात पाटल्या होत्या, गळ्यात साखळी होती. कपाटाला कोणी हात लावलेला नव्हता.

एकाहत्तर वर्षांच्या बाईला असं मारून कोणाला काय मिळालं?

१७ ऑक्टोबर

सुशांतला घेऊन दीक्षितपुऱ्यात गेलो. घर धुवायला हवं होतं. तो जिन्याच्या खालीच थांबला. म्हणाला, "बाबा, आप जाओ. मुझसे नहीं होगा." मुलाला इतकं लागलं आहे, हे पाहून मला बरं वाटलं. तो मराठी सगळी समजतो, उत्तर मात्र हिंदीत देतो. त्यावरून ताई त्याला चिडवायची, "पोतनीसांचाच ना रे तू? का दवाखान्यात बदलून आला?"

फरशी मी एकट्याने धुतली. खिरीचं पातेलं शेगडीवर तसंच होतं. वर बुरशी चढली होती, पण खीर तळाला लागलेली नव्हती. म्हणजे गॅस वेळेवर बंद झाला. ताईनेच केला असणार.

जिन्याच्या वरच्या टोकाला दोरी लोंबत होती. या घरात राहायचा भाग वरच्या मजल्यावर आहे. खाली अंगण, पाण्याची मोटार आणि गल्लीचा दरवाजा. कोणी कडी वाजवली की ताई खिडकीतून वाकून बघायची, आणि माणूस पसंत पडला तर वरूनच दोरी ओढायची. खालची कडी उचलली जायची. पसंत नाही पडला तर खिडकीतूनच वाटेला लावायची.

कडी तुटलेली नाही. दरवाजा नुसता लोटलेला होता. म्हणजे तिने त्याला बघितलं आणि दोरी ओढली.

२१ ऑक्टोबर

रात्री झोप लागत नाही. दिवसाही करण्यासारखं काही नाही. सुशांत त्याच्या शिकवणीच्या क्लासवर जातो, सूनबाई प्रणोती बँकेत. नेपियर टाउनच्या या फ्लॅटमध्ये मी आणि वरच्या मजल्यावरच्यांचा टीव्ही.

माझी सगळी नोकरी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला गेली. माल फेल झाला की चूक कोणाची, असं आम्ही आधी विचारत नसू. आधी हे विचारायचं, की असं होण्यासाठी काय काय खरं असायला पाहिजे. मग ते ज्याला लागू पडेल ते मशीन, ती पाळी, तो माणूस. तसंच करून पाहतो.

ताईने त्याला ओळखलं. तिला त्याची भीती वाटली नाही, तिने त्याच्याकडे पाठ केली. त्याला दागिने नको होते. त्याला राग होता. मारल्यावर त्याला लाज वाटली, म्हणून पदर ओढला.

जेवताना हे सुशांतला सांगितलं. तो पोळी हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "इसको प्रोफाइलिंग बोलते हैं, बाबा. आप तो टीआय से आगे निकल गए." पुष्कळ दिवसांनी तो माझ्याशी असा नीट बोलला. प्रणोती उठून आत गेली.

२६ ऑक्टोबर

टीआय साहेबांना मागची गल्ली दाखवली. ते भिंडकडचे आहेत, बदलून आलेले. त्यांना आमचा दीक्षितपुरा काय कळणार? पुढच्या गल्लीच्या तोंडाशी मिठाईवाल्याचा कॅमेरा आहे. त्यात त्या सकाळी परका कोणी दिसत नाही. दुर्गेच्या मंडपाचे बांबू आडवे पडलेले होते, त्यामुळे तशीही वर्दळ कमीच. कॅमेऱ्यात साडेअकराला मी दिसतो, ऑटोतून उतरलेला, आणि माझ्या मागून स्कूटर लावून आलेला सुशांत. म्हणून पोलीस म्हणत होते की मारेकरी जवळपासच्याच घरातला.

मी म्हटलं, नाही. पिठाच्या चक्कीमागून रस्ता आहे. समोर भिंत दिसते म्हणून माणूस परत फिरतो. पण हापशाच्या आडोशाला भिंत पडलेली आहे, तिथून अंग चोरून आलं की सरळ आमच्या दारापाशी. नकाशात तो रस्ता नाही. तिथे वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यालाच तो ठाऊक.

सुशांत पुढे झाला आणि त्यानेच साहेबांना नेलं. लहानपणी तो कटलेल्या पतंगांमागे तिथूनच धावायचा. आता अंगाने सुटला आहे, तरी कुठे खांदा वळवायचा ते बरोबर आठवत होतं. साहेबांची पँट तारेला अडकून फाटली. याची नाही.

साहेब हसून म्हणाले, "पोतनीसजी, आपको तो हमारे विभाग में होना था."

खूप दिवसांनी उपयोगी पडल्यासारखं वाटलं. याची लाज वाटते, पण वाटलं.

२९ ऑक्टोबर

आज नाव सापडलं.

सुशांतने चहा करून दिला आणि समोर बसला. म्हणाला, "सोचिए बाबा. पीछे की गली किसको पता है? आत्या किसके लिए रस्सी खींचती थी? और गुस्सा किसको था?"

मी एकेक माणूस डोळ्यांसमोर आणला. गुरुजी. दूधवाला, पण त्याला दोरी नाही, तो पिशवी अडकवून जातो. इथल्या मराठी समाजाच्या बायका. मग नथ्थू.

नथ्थू गोहलपुरचा. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, तिथे त्याचं छोटं दुकान आहे. वीस वर्षं आमची पाण्याची मोटार त्याच्याच हातात. सायकलवर यायचा तेव्हापासून मागच्याच गल्लीने येतो. ताई त्याच्यासाठी दोरी ओढायची. चहा द्यायची. त्याचा स्टीलचा ग्लास वेगळा, जिन्याच्या कोनाड्यात ठेवलेला. ताई जुन्या वळणाची, तिचं सोवळं-ओवळं आम्ही कधी मनावर घेतलं नाही.

या उन्हाळ्यात तो नातीला घेऊन आला होता. हा मोटार खोलून बसला तेवढ्यात पोर जिना चढून वर गेली आणि माठात मग बुडवून पाणी प्यायली. ताईने सगळा माठ त्यांच्यासमोर मोरीत ओतला आणि नंतर फोडून टाकला. मी तिथेच होतो. मी म्हटलं, "ताई, लेकरू आहे." ती म्हणाली, "तं मी काय तिला मारून राहिले? माठच तं फोडला." नथ्थूने पाना हातात घेतला. मोटार बसवली, चालू करून दाखवली, नातीचा हात धरून गेला.

असा राग माणूस विसरत नाही. मला नात असती आणि तिच्या बाबतीत कोणी असं केलं असतं, तर मी विसरलो नसतो.

सुशांतला सांगितलं. त्याने चहाचे कप उचलून आत ठेवले. मग म्हणाला, "आप ही टीआय को बताइए. मैं बोलूँगा तो अच्छा नहीं लगेगा."

१ नोव्हेंबर

दिवाळी. आमच्याकडे यंदा काही नाही. खाली पोरं फटाके फोडत होती.

प्रणोती काल रात्री बोलली. सुशांत बाहेर होता. "बाबा, श्राद्धाच्या दिवशी यांचा क्लास नव्हता. तो गुरुवार होता, मुलांच्या शाळेत परीक्षा होती म्हणून सुट्टी दिली होती. आणि हे आठलाच घरून गेले."

मी विचारलं, "मग? हे आता काहून सांगून राहिली तू मला?"

"तुम्ही सगळं लिहून ठेवता म्हणून."

नवरा-बायकोचं बरेच दिवस बरं नाही. तो रात्री उशिरा येतो, ती बोलत नाही. या वेळी असली चुगली करायला नको होती. क्लासला सुट्टी असली तरी माणसाला कामं असतात. लिहून ठेवलं, कारण तिने म्हटलं.

६ नोव्हेंबर

नथ्थूला उचललं.

१० नोव्हेंबर

पेपरमध्ये आलं. "बुजुर्ग शिक्षिका हत्याकांड में मिस्त्री गिरफ्तार." माझं नाव नाही, पण "परिजनों की सूझबूझ" असं छापलं आहे. समाजाच्या वाचनालयात गेलो तर विष्णुपंतांनी उठून खुर्ची दिली. ते माझे जुने स्नेही, फॅक्टरीतही एकत्र होतो. म्हणाले, "शशिकांतराव, मानलं तुम्हाला. पोलिसांना जे जमलं नाही ते तुम्ही घरी बसून केलं."

दुसरे एकजण म्हणाले, "या लोकांना घरात घेतलं की असंच होतं."

मी म्हटलं, घरात कुठे घेतलं होतं? ते म्हणाले, तेच ते.

नथ्थू कबूल होत नाही, असं टीआय म्हणतात. दुकान बंद होतं, घरी झोपलो होतो, एवढंच म्हणतो. पितृपक्षात कोणी नवी मोटार घेत नाही, काम नसतं, हे खरं आहे. पण साक्षीला फक्त त्याची बायको.

१८ नोव्हेंबर

त्याची बायको फूलबाई आली होती. मी आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं बंदच ठेवलं. ती जाळीला हात न लावता उभी राहिली.

"बाबूजी, उनको बहुत मारा है. कान से सुनाई नहीं दे रहा."

मी म्हटलं, कायदा आपलं काम करेल.

"बाबूजी, अखबार में लिखा है दीदी चौके में मिलीं. ये तो बीस साल में सीढ़ी के ऊपर नहीं गए. चौके में कैसे जाएँगे? आप तो जानते हो. आप साहब से बोल दो, बस इतना."

मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, "आप बोलोगे तो वो मानेंगे." आणि गेली. तिने माठाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

नंतर वाटलं, रागाच्या भरात माणूस कुठेही चढून जातो, स्वयंपाकघरापर्यंतही. नात चढली होतीच ना.

२५ नोव्हेंबर

प्रणोती माहेरी गेली, नागपूरला. दोन बॅगा घेऊन. स्टेशनवर सोडायला मीच गेलो. गाडी सुटताना म्हणाली, "बाबा, माझ्याकडे या तुम्ही. खरंच या. इथे नका राहू." मी म्हटलं, "बेटा, हे घर कोण बघेल?"

संध्याकाळी सुशांतचा मित्र आल्हाद आला. बांधकामाचा धंदा करतो. दीक्षितपुऱ्याच्या जागेवर चार मजले होतील, खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर सुशांतचा क्लास. कागद वगैरे सगळं तो बघणार, मला फक्त वारस म्हणून सही करायची.

सुशांत म्हणाला, "बाबा, घर को खाली रखना ठीक नहीं. और वहाँ अब रहेगा कौन?"

गणपतीत हे दोघं ताईकडे गेले होते, तेव्हा तिने दोरी ओढली नव्हती. खिडकीतून वाकून म्हणाली होती, "बिल्डरले घेऊन आला का? चहापत्ती संपली बाप्पा. पुढच्या वर्षी या." खालच्या गल्लीतले लोक हसले होते. मला तिने फोनवर सांगितलं तेव्हा मीही हसलो होतो. सुशांत नव्हता हसला. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही, जसं काही मीच बोललो होतो.

सही अजून केली नाही. वर्ष होऊ दे म्हटलं.

७ डिसेंबर

चंपाषष्ठी. मी कुठे जेवायला जात नाही, पण विष्णुपंतांनी ऐकलं नाही. त्यांच्याकडे खंडोबाचा नैवेद्य असतो, वांग्याचं भरीत आणि रोडगे. त्यांच्याही घरी आमच्यासारखंच, देवाच्या स्वयंपाकाला चामडं चालत नाही. बाहेर खुंटीवर कमरेचा पट्टा आणि पाकीट काढून ठेवायचं, पाय धुवायचे, मग आत.

मी पट्टा अडकवायला हात वर केला, तर खुंटीवर आधीच एक पट्टा होता. त्यांच्या मुलाचा. तो माझ्याआधी येऊन आत बसला होता.

तिथेच आठवलं.

श्राद्धाच्या दिवशी मी जिना चढून वर आलो. ताईला हाक मारली नाही, कारण सोवळ्यात असताना तिला हाक मारलेली खपत नसे. खुंटीवर पट्टा अडकवला. खुंटीवर आधीच एक होता. मला वाटलं, सुशांतचा. ते बरोबरच होतं, दुसरं कोण येणार? पण मी पट्टा अडकवला तेव्हा सुशांत वर आलेलाच नव्हता. तो खाली स्कूटर लावत होता. मी आत गेलो, ताई दिसली, मी ओरडलो, त्यानंतर त्याची पावलं जिन्यावर ऐकली. पोलीस आले, पंचनामा झाला, मी बाहेर येऊन पट्टा घातला, तेव्हा खुंटीवर माझा एकच होता.

आणि ताई. श्राद्धाच्या दिवशी ती प्रणोतीलाही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहू द्यायची नाही. सोवळ्यातल्या त्या चुलीपाशी नैवेद्याआधी दोनच माणसं जाऊ शकत होती. पिंडाला बसणारा मी, आणि मला हाताखाली लागणारा तो.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. टीआयला माहीत नाही, कारण त्यांना मी सांगितलं नाही. मला वाटलंच नाही की हे सांगण्यासारखं आहे. आपण श्वास घेतो हे कोणी सांगतं का?

मी भरीत खाल्लं. दोनदा वाढून घेतलं. विष्णुपंतांच्या सूनबाई म्हणाल्या, काकांना आज भूक लागली.

८ डिसेंबर

एक पट्टा म्हणजे पुरावा नव्हे. नुसत्या एका खुणेवरून आम्ही फॅक्टरीत अख्खा लॉट नापास करत नसू. कदाचित तो पट्टा ताईने कधीचा तिथे ठेवलेला असेल, वडिलांचा.

वडील पट्टा वापरत नव्हते. धोतर नेसायचे.

९ डिसेंबर

जेवताना विचारलं. मराठीतच विचारलं.

"सुशांत, त्या दिवशी तू माझ्याआधी ताईकडे जाऊन आला होतास का?"

तो वरणात पोळी बुडवत होता. थांबला नाही. "किसने कहा? प्रणोती ने?"

"कोणी नाही. मी विचारून राहिलो."

"बाबा, आप थक गए हो."

"खुंटीवर पट्टा होता."

त्याने पाणी प्यायलं. ग्लास ठेवला. माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्याचं सातवीतलं तोंड दिसलं, प्रगतिपुस्तक लपवलेलं. क्षणभर वाटलं आता सांगेल. मला ते ऐकायचं नव्हतं, हेही खरं.

तो म्हणाला, "नथ्थू का नाम आपने लिया था. मैंने तो एक बार भी नहीं लिया. याद कीजिए."

आठवून पाहिलं. खरंच, त्याने एकदाही घेतलं नाही.

मग तो बराच वेळ बोलला, हळू आवाजात. आत्याने त्याला कायम वेड्यात काढलं. गल्लीत हसं केलं. क्लास कसा चालतो हे कोणाला माहीत आहे का? "एक आदमी समझाने जाता है, हाथ जोड़ने जाता है, और वो खीर हिलाते हिलाते बोलती है कि पहले ढंग से मराठी बोलना सीख, फिर घर माँगना." त्याने जे सांगितलं, ते कधी घडलं, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

मग म्हणाला, "आई नहीं है. आत्या नहीं है. प्रणोती गई. अब मैं ही हूँ न आपके पास?"

त्याने माझं ताट उचललं आणि बेसिनमध्ये नेऊन धुतलं. आजवर कधी धुतलं नव्हतं.

११ डिसेंबर

टीआयचा फोन. चार्जशीट लावायची आहे, एका मुद्द्यावर माझं बयान कमी पडतं आहे. उद्या अकराला या म्हणाले.

दुपारभर विचार केला. ताई असती तर तिला विचारलं असतं. ती माझ्यापेक्षा धीट होती. लहानपणी मी मार खाऊन आलो की तीच गल्लीत भांडायला जायची, वेणी कमरेला खोचून.

नागपूरला फोन लावला. प्रणोतीने उचलला. मी विचारलं, थंडी आहे का तिकडे? ती म्हणाली, आहे. तिने विचारलं, "बाबा, तुम्ही सांगणार आहात का?" मी म्हटलं, कुकरची शिट्टी होऊन राहिली, ठेवतो.

१२ डिसेंबर

सुशांत सोडायला येतो म्हणाला. मी ऑटोने गेलो.

टीआयने चहा मागवला. मुन्शी कॉम्प्युटरवर बसला. साहेब म्हणाले, "देखिए पोतनीसजी, बाकी सब ठीक है. आपका रास्ता, आपकी रस्सी, झगड़ा, सब बैठ रहा है. बस उसका वकील पूछेगा कि बॉडी चौके में मिली, और मोटर तो नीचे आँगन में है. मिस्त्री चौके में क्यों जाएगा? उसकी औरत यही रट रही है. इसका जवाब आप ही दे सकते हैं. नथ्थू का चौके तक आना-जाना था?"

मी विचारलं, नसेल तर?

"नहीं था, तो फिर नए सिरे से देखेंगे. जिनका आना-जाना था, उन सबको." त्यांनी सहज म्हटलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, असं मला वाटतं. ते बिस्किट बुडवत होते.

मुन्शीची बोटं कीबोर्डवर थांबलेली होती. भिंतीपलीकडे कोणीतरी खोकत होतं. ते नथ्थूचं असणं शक्य नाही, तो जेलमध्ये आहे. तरी मी ऐकत राहिलो.

मी म्हटलं, "हाँ. आता-जाता था."

"चौके के अंदर?"

"जी. घर का ही आदमी समझिए."

मुन्शीने टाइप केलं. वाचून दाखवलं. मी सही केली. माझी सही कधी बदलत नाही, फॅक्टरीत सगळे तिचं कौतुक करायचे. साहेब दारापर्यंत पोचवायला आले.

बाहेर कडुनिंबाखाली फूलबाई बसली होती. नवऱ्याच्या तारखेचं काही विचारायला आली असेल. मला बघून लगबगीने उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बाबूजी, आप आ गए. मैं जानती थी आप आओगे. चौके वाली बात बता दी न साहब को?"

मी म्हटलं, "हाँ. बता दी."

तिला रडू फुटलं. ती खाली वाकली आणि तिने माझ्या दोन्ही पायांना हात लावला, मग तो कपाळाला.

मी पाय मागे घेतले नाहीत.